बॅटरीची सायकल, वयाचा कायदा आणि उसाचा रस्ता
(सभासद शिक्षण पाठ : वालूर गट)



या खेपेच्या पाठात बेणे नाही, खत नाही, पाचटही नाही. विषय बॅटरीच्या सायकलीचा आहे. उसाच्या पत्रिकेत हे कशाला, असे काही जण म्हणतील. पण गेल्या दोन-तीन हंगामांत वालूर गटात फिरताना कुठल्या ना कुठल्या वस्तीवर ओसरीला अशी सायकल नाही तर छोटी स्कूटर चार्जिंगला लावलेली दिसते. उसाचे बिल खात्यावर पडले की लेकराचा लकडा सुरू होतो. शाळा लांब, एस.टी.चा भरवसा नाही, पेट्रोलने शंभरी ओलांडलेली, त्यामुळे बापालाही ते पटते. आणि मग ज्या रस्त्याने आपला ऊस कारखान्याला जातो त्याच रस्त्याने हे लेकरू शाळेला जाऊ लागते. म्हणून हा पाठ.

मागच्या हंगामात एक सभासद तोडीची तारीख विचारायला गट कार्यालयात आले होते. काम झाल्यावर हळूच म्हणाले, “गुरुजी, धाकट्याला बॅटरीची गाडी घेतली. आठवीला हाय, तेरा वर्षांचं. दुकानदार म्हणतो लायसन लागत नाही, पासिंग लागत नाही, वयाची अट बी नाही. खरं हाय का हे?”

मी विचारले, “गाडीला पायडल आहे का?”

“पायडल कामून असंल? स्कूटरच हाय की ती.”

“मोटार किती वॅटची? कागद काय दिलाय?”

“पावती दिलीय,” ते म्हणाले.

दुकानदाराचे बोलणे सगळे खोटे नव्हते. पण ते कोणत्या गाडीला लागू आहे आणि कोणत्या गाडीला नाही, हे त्याने सांगितले नव्हते, आणि आपल्या माणसाने विचारले नव्हते. सारा घोळ तिथेच आहे.

कायदा काय बघतो?

जुन्या मंडळींना लुना आठवत असेल. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली ती बाजारात आणली. इंजिन ५० सी.सी.चे, जोर बेताचा, आणि चढ आला की पायडल मारायची सोय. आजचा मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमात सांगितले आहे की १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणी सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवू नये. सवलत एकच. ५० सी.सी.पर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल १६ वर्षे पुरी झालेल्याला चालवता येते, आणि तीही बिनगिअरचा परवाना काढून, पालकाची लेखी संमती जोडून. म्हणजे लुनासारख्या गाडीची ती सवलत. पुढे अशा गाड्या बाजारातून बहुतेक गेल्या, पण “सोळाव्या वर्षी गाडी चालते” हे वाक्य मात्र गावोगाव राहिले. आज ११० सी.सी.च्या स्कूटीवर सोळा वर्षांची पोरे बसवताना लोक हेच वाक्य सांगतात. ते चूक आहे. स्कूटीला १८ च लागतात.

आता विजेच्या मोटारीला सी.सी. नसतात. त्यासाठी केंद्राच्या मोटार वाहन नियमांत, म्हणजे १९८९ च्या नियमांत, बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. त्या व्याख्येतच एक सूट आहे. मोटारीची ताकद ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी असेल आणि गाडीचा जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते मोटार वाहन धरले जात नाही. पायडलच्या सायकलीला मोटार बसवलेली असेल तर तिला आणखी अटी आहेत. वेग वाढत जाईल तसा मोटारीचा जोर कमी होत जाऊन २५ ला तो पूर्ण तुटला पाहिजे, आणि पाय थांबले तर त्याही आधी तुटला पाहिजे. शिवाय चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक हवा. आपण ज्याला रेडियम म्हणतो ते.

या सर्वांवर एक अट अशी आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. हे सर्व सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेले असले पाहिजे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, जिला लोक एआरएआय म्हणतात, ही अशीच एक संस्था. तेव्हा गाडी घेताना त्या मॉडेलच्या चाचणी प्रमाणपत्राची झेरॉक्स मागावी. “साहेब, २५० वॅटच हाय” हे तोंडी सांगणे म्हणजे काट्यावर न चढवता उसाचे वजन सांगण्यासारखे आहे.

तर बाजारात दिसायला सारख्या, पण कायद्याने वेगळ्या गाड्या आहेत. प्रमाणपत्राची पायडल सायकल आणि प्रमाणपत्राची मंद वेगाची स्कूटर यांना नोंदणी नाही, परवाना नाही आणि मोटार कायद्यातली वयाची अटही नाही. त्याहून जोरदार असलेली प्रत्येक गाडी मोटार वाहनच. तिला हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नंबर हवा, विमा हवा, परवाना हवा. अशा नंबरच्या बॅटरी गाडीवर सोळा वर्षांचे पोर बसवायचा विचार असेल तर सवलतीचे वाक्य सी.सी.त लिहिले आहे हे लक्षात ठेवा, आणि एम.एच. २२ च्या, म्हणजे परभणीच्या परिवहन कार्यालयात आधी विचारा. माझे मत विचाराल तर १८ पर्यंत थांबा.

आणखी एक जात आहे, ती सगळ्यात वाईट. कागदावर २५० वॅट, पण दुकानातच “लॉक काढून” ४० नाही तर ५० नी पळवलेली. किंवा जुन्या सायकलीला गॅरेजमध्ये पाचशे-हजार वॅटची मोटार बसवलेली. माझ्या भाच्यासाठी मी स्वतः एका दुकानात गेलो होतो. गाडीचे पैसे ठरले, आणि दुकानदाराने चहा मागवता मागवता विचारले, “स्पीड वाढवून देऊ का? पाच मिनिटांचं काम हाय.” जणू काही उसाच्या रसात बर्फ टाकू का असे विचारावे. खोटे कशाला सांगू, भाच्याचा चेहरा बघून मीही क्षणभर गप्प राहिलो होतो. मग नको म्हणालो. लॉक काढले की गाडी सुटीच्या बाहेर जाते. ती मोटार वाहन होते, आणि तेही बिननंबरचे, बिनविम्याचे. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने मे २०२२ मध्ये अशा बदल केलेल्या गाड्यांवर, त्यांच्या विक्रेत्यांवरही, कारवाईची मोहीम काढली होती ती याच कारणाने.

मग वय कोणी ठरवायचे?

आमच्या त्या सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर असे झाले, की गाडी खरोखर सुटीतली असेल तर कायद्यात तिला वय लिहिलेले नाही. तेरा काय, नऊ वर्षांचे पोर बसले तरी चौथे कलम आडवे येत नाही. याचा अर्थ नऊ वर्षांचे पोर बसवावे असा नाही. नियम करणाराने मोटारीचा जोर मोजला आणि वेग मोजला. हँडल धरणाराचे वय मोजायचे काम घरच्यांवर राहिले.

इतर देशांनी हे काम सरकारकडे घेतले आहे. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच २५० वॅटची, जवळजवळ तेवढ्याच वेगाची पायडल सायकल आहे, पण ती १४ वर्षांखालच्याला चालवता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १४ पासून चालते, पण १६ पर्यंत परवाना काढावा लागतो. इस्रायलने १६ ठरवले आहे. जर्मनीत मात्र अशा मंद सायकलीला वयाची अट नाही, म्हणजे सगळे जग एका मताचे आहे असेही नव्हे. पण तिथे सायकलीला वेगळी वाट असते. आपल्याकडे डांबराची कड संपली की सरळ काळी माती.

चौदाच्या आसपास हा आकडा का येतो, त्याला कारण आहे. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०१० च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या मुलांची परीक्षा घेतली. समोरून येणारे वाहन ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येत असेल तर ते किती वेगाने जवळ येते आहे, हे त्या वयाच्या मुलांच्या नजरेला नीट कळत नाही, असे त्यांना आढळले. पोर हुशार आहे की नाही याचा इथे संबंध नाही. पाढे पाठ असलेले पोरही इथे चुकते, कारण नजर अजून तयार झालेली नसते. आपण म्हणतो, “माझं पोरगं दहाव्या वर्षी ट्रॅक्टर चालवतंय.” चालवत असेल. रानात समोरून जीप येत नाही.

सरीच्या मापाने वेग

आता थोडे गणित. पुस्तकी मापे सोडा, सरीच्या मापाने बोलू. आपली सरी साडेचार फुटी धरा.

ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे ७ मीटर जाते, म्हणजे पाच सऱ्या. कुत्रे आडवे आले, ते डोळ्यांना दिसले, डोक्याला कळले आणि हात ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात पाच सऱ्या गेल्या, ब्रेक अजून लागलाच नाही. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर आणखी साडेचार सऱ्या. एकूण साडेनऊ. साधी पायडलची सायकल पोर ताशी १४ च्या आसपास चालवते, ती चार सऱ्यांत थांबते. आणि लॉक काढलेली, ताशी ४५ ने जाणारी गाडी थांबायला तेवीस सऱ्या खाते. ब्रेक मात्र बहुतेक तेच असतात, २५ च्या वेगासाठी बसवलेले. वेग पावणेदोनपट झाला तर आदळण्याचा जोर पावणेदोनपट होत नाही, तो सव्वातीनपट होतो. हे गणित रस्ता कोरडा असतानाचे आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी रानातली काळी माती डांबरावर आणून टाकली की सऱ्यांचा हिशेब सांगता येत नाही.

दुसरे गणित याहून महत्त्वाचे आहे, आणि ते खास आपल्या भागाचे आहे. साध्या सायकलीवरचे पोर उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकायला जात नाही, त्याच्याने होतच नाही. ते मुकाट्याने मागे राहते, नाही तर कडेला उतरते. बॅटरीची सायकल ट्रॅक्टरपेक्षा थोडीच जास्त पळते. पोराला मोह पडेल एवढी ती पळते, पण मोह निस्तरेल एवढी पळत नाही. बघा. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अंदाजे १५ मीटर लांब, आणि पुढे-मागे दहा दहा मीटर अंतर सोडायचे. ट्रॅक्टर ताशी १५ ने चालला आहे, सायकल २५ ने. पुढे जायला तेरा सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्यात सायकल जवळजवळ ९० मीटर जाते, आणि समोरून ताशी ६० ने येणारी जीप २१० मीटर जवळ येते. म्हणजे पुढे तीनशे मीटर रस्ता मोकळा दिसत असला पाहिजे. ट्रॅक्टर २० ने चालला असेल तर हेच अंतर सहाशे मीटरच्या घरात जाते. दोन्ही बाजूंना उभा ऊस असलेल्या आपल्या रस्त्यावर वळणाजवळ सहाशे मीटर कोणाला दिसतात?

म्हणून घरात एकच नियम पाळता येणार असेल तर हा पाळा, की बॅटरीच्या सायकलीने उसाच्या वाहनाला कधीच ओलांडायचे नाही. मागे राहायचे, तेही तीन-चार गाड्यांचे अंतर ठेवून. ट्रॉलीतून मोळी सुटते, कांडी पडते, आणि एका कांडीवरून पुढचे चाक गेले तरी सायकल आडवी होते. वळणावर ट्रॅक्टरच्या आतल्या बाजूला तर चुकूनही शिरायचे नाही. ट्रॅक्टर वळण घेऊन जातो, पण दुसरी ट्रॉली त्याच्या चाकोरीने जात नाही, ती आत ओढली जाते. वर टेप मोठ्याने लावलेला असतो. ड्रायव्हरला मागचे ऐकू येत नाही, आणि बॅटरीच्या सायकलीला आवाज नसतो. माणसाला नाही, म्हशीला नाही, बैलालाही ती आल्याचे कळत नाही. जवळ आल्यावर एकदम कळते, मग बैल बुजतो. घंटी वाजवण्याची सवय पोराला पहिल्या दिवसापासून लावा.

संध्याकाळची वेळ आणि आपली ट्रॉली

डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. शाळा सुटली, शिकवणी झाली, बारवेजवळ मित्रांत अर्धा तास गेला की घरी यायला अंधार पडतो. त्याच वेळी दिवसभर भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याला लागतात. इथे मात्र मला पोरांना सोडून सभासदांशी बोलायचे आहे.

ट्रॉलीच्या मागच्या फळीला रेडियम लावलेले असते, पण ऊस खाली लोंबला की ते झाकते. दिवा असतो, वायर तुटलेली असते. टायर फुटला की ट्रॉली रस्त्यातच उभी राहते, चाकाला दगड लावले जातात, आणि काम झाले की ट्रॅक्टर निघून जातो, दगड तिथेच राहतात. अंधारात आपल्याच शेजारच्याचे पोर त्या दगडावर जाते. वाहतूकदार ठेकेदार आहे, ट्रॅक्टर त्याचा आहे, हे सगळे खरे. पण ट्रॉलीत ऊस आपला असतो, आणि ती आपल्या बांधावरून निघते. निघताना मागे फिरून एकदा बघायला किती वेळ लागतो? लोंबलेला ऊस कापायला लावा, रेडियम पुसायला लावा. ड्रायव्हर कुरकुर करील, करू द्या. दगड दिसले तर उतरून बाजूला टाका, कोणी टाकले याची चौकशी नंतर.

सायकलीलाही पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि चाकांच्या तारांना रेडियम हवे. दप्तराला मागून एक रेडियमची पट्टी शिवून घ्या. आणि बॅटरी उतरत आली की काही गाड्यांचा दिवाही मंद होतो. तेव्हा सकाळी पूर्ण चार्ज केल्याशिवाय संध्याकाळचा भरवसा धरू नये.

घरातले वय

माझा सल्ला कायद्याचा नाही, मास्तरकीचा आहे. बारा वर्षांखालच्या लेकराने ही सायकल रस्त्यावर आणूच नये. बारा ते चौदा या वयात वस्तीवर, शेतरस्त्यावर, घरच्या माणसाच्या नजरेसमोर चालवावी. चौदाच्या पुढे दिवसाउजेडी शाळेला न्यायला हरकत नाही, पण पायडलची सायकलच. मूठ पिळली की पळणारी स्कूटर नको, मग ती सुटीतली का असेना. पाय चालवावे लागतात तोवर पोराला वेगाची जाण राहते. मूठ पिळायला मेहनत नाही, म्हणून थांबायचेही सुचत नाही. आणि आधी साध्या सायकलीवर एक हात सोडून मागे वळून बघता येते का, सरळ रेघेत राहता येते का, हे आपण स्वतः बघावे. ते येत नसेल तर वय चौदा असून उपयोग नाही.

एका सायकलीवर एकच पोर. डबलसीट बसले की ब्रेकचे अंतर वाढते आणि हँडल हलके होते. हे सांगून पोरे ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. तेव्हा कॅरेज काढून टाका, हा उपाय ऐकवण्यापेक्षा बरा.

डोक्याला हेल्मेट. नंबरच्या गाडीवर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचे आहे. सुटीतल्या सायकलीला सक्ती नसेल, पण डांबर सूट देत नाही. मोटारसायकलचे हेल्मेट आय.एस.आय. खुणेशिवाय विकायला १ जून २०२१ पासून बंदी आहे, तरी रस्त्याकडेला दीडशे रुपयांची टोपली मिळते. ती घेऊ नका. लहान डोक्याला बापाचे हेल्मेट घालू नये, पडताना ते आधी निघून जाते.

आणि मुलींच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नये. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत मिळतो. गाडी वेळेवर येत नसेल तर पालकांनी मिळून आगारात अर्ज द्यावा. दहा जणांनी वेगवेगळ्या दहा सायकली घेण्यापेक्षा दहा सह्यांचा एक अर्ज स्वस्त पडतो. सहकाराचे तत्त्व आपण दुसऱ्या कामाला वापरतच नाही.

सातबारावर ज्याचे नाव

आता ज्या भागाने बापाची झोप उडते तो भाग. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन १९९-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने मोटार वाहनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना नाही. म्हणजे पुढे ट्रॅक्टरचाही परवाना नाही, हे शेतकऱ्याच्या घरात ध्यानात घ्यावे. मुलाने गाडी पालकाच्या संमतीनेच नेली, असे न्यायालय गृहीत धरते. मला माहीत नव्हते, किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचे. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा मुलाच्या वडिलांना अटक झाली, हे आपण सर्वांनी वाचले आहे. ती महागडी मोटार होती. पण कलमात मोटारीची किंमत लिहिलेली नाही. लॉक काढलेली स्कूटरही त्यात बसते.

कैदेपेक्षा भरपाईचा भाग जास्त लांब चालतो. सर्वोच्च न्यायालयापुढे २०११ साली एक प्रकरण निकाली निघाले. बिनपरवान्याच्या अल्पवयीन मुलाने मोटारसायकल नेली आणि अपघातात माणूस दगावला. चावी न विचारता नेली, असे मालकाचे म्हणणे होते. गाडी अशा हाती जाणार नाही हे बघणे मालकाचेच काम, असे न्यायालयाने धरले. विमा कंपनीने मृताच्या घरच्यांना पैसे द्यावेत आणि ते मालकाकडून वसूल करावेत, हा निकाल कायम राहिला. तिथे निदान विमा तरी होता. बिननंबरच्या गाडीला विमाच नसतो. मग समोरच्याचा पाय गेला, माणूस गेला, तर भरपाई सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या अंगावर येते. आणि खऱ्या सुटीतल्या सायकलीने कोणाला धडक दिली तरी हात झटकता येत नाहीत. भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलम बेदरकारपणे ‘कोणतेही वाहन’ हाकण्याबद्दल आहे, त्याला इंजिन लागत नाही.

अपघात झालाच तर

१०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी किंवा दवाखान्याने अडकवू नये यासाठी कायद्यात १३४-अ हे कलम आहे, तेव्हा घाबरून बाजूला उभे राहू नका. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातील जखमीला, तो सायकलवर असला तरी, केंद्राच्या २०२५ च्या योजनेतून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत बिनपैशाचे उपचार नेमलेल्या दवाखान्यात मिळतात.

आणि पोलिसांत नोंद करा. इथे आपली माणसे हमखास चुकतात. “सायकलच तर होती, घरचंच पोरगं पडलं, कशाला ठाण्यात जायचं?” असे म्हणून नोंद होत नाही, आणि मग पुढचे कागद जुळत नाहीत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सातबाराधारक शेतकरी आणि त्याच्या घरातील एक जण, वय १० ते ७५, असे दोघे बसतात. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये, एक डोळा किंवा एक हात-पाय निकामी झाल्यास एक लाख. रस्त्यावरचा अपघात त्यात येतो. परंतु जखमी किंवा मृत व्यक्ती स्वतः वाहन चालवत होती तर तिचा वैध परवाना मागतात. सुटीतल्या सायकलीला परवाना लागत नाही, हे तिथे दाखवायला चाचणी प्रमाणपत्राची तीच झेरॉक्स कामाला येते. लॉक काढलेल्या गाडीचा पंचनामा झाला तर तिचा वेगही त्यात येतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो, पोलिसांचा पंचनामा आणि वयाचा दाखला जोडून.

तेरा वर्षांच्या त्या मुलाच्या वडिलांना मी दुकानात परत पाठवले होते. प्रमाणपत्र दुकानदाराकडे नव्हते. चार चकरा मारल्यावर त्याने गाडी परत घेतली, पैसे थोडे कापून. पोरगे दोन महिने बापाशी नीट बोलले नाही. आता ते साध्या सायकलीवर शाळेला जाते, आणि चौदा लागल्यावर पायडलची बॅटरी सायकल घ्यायची असे बापलेकांत ठरले आहे.